गरम पाण्याने काचसफाई (गोवा)

इमारतींच्या बाहेरच्या काचा धुण्यासाठी खनिजमुक्त पाणी साधारण ४०° ते ६५° से. पर्यंत तापवून लांब दांड्याच्या ब्रशातून सोडण्याची व्यावसायिक पद्धत. पाणी गाडीतल्या टाकीतून तापकात येते, नळीने दांड्यातून वर चढते आणि ब्रशाच्या केसांमध्ये बसवलेल्या बारीक तोट्यांतून काचेवर पडते. त्यात विरघळलेले क्षार जवळजवळ नसल्याने काच पुसावी लागत नाही, निथळून डागाविना वाळते. बादली, साबण आणि वायपर यांच्या जुन्या पद्धतीत मात्र पाणी कोमटच ठेवतात, कारण फार गरम असेल तर वायपर फिरण्याआधीच साबण सुकून पट्टे उठतात.

उगम : या पद्धतीची मुळे दोन ठिकाणी शोधली जातात. एक धागा गरम पाण्याच्या दाबयंत्रांचा. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील फ्रँक ओफेल्ट याच्या वाफेच्या धुलाईयंत्राचा काळ सुमारे १९२६-२७ असा सांगतात; यूरोपात आल्फ्रेड केर्शर याच्या कंपनीने १९५० मध्ये गरम पाण्याचे उच्चदाब यंत्र काढले. ही यंत्रे मुळात वाहने, कारखान्यांतील लादी आणि यंत्रांवरचे वंगण यांच्यासाठी होती. काचेचा त्यांच्याशी संबंध उशिरा आणि ओझरताच आला. दुसरा धागा पाणी वाहून नेणाऱ्या दांड्याचा. असे दांडे अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्याच्या आसपास वापरात होते, पण त्यांत नळाचे साधे पाणी असे. शुद्ध पाण्याची जोड मिळून दांड्याला आजचे रूप आले ते मुख्यतः ब्रिटनमध्ये, बहुधा १९९० च्या दशकात. उंचीवरील कामाविषयीचे ब्रिटिश नियम ६ एप्रिल २००५ पासून लागू झाले. शिडी शक्यतो टाळा, असा त्यांचा रोख असल्याने दांड्याचा प्रसार वेगाने झाला. पाणी तापवण्यासाठी जी डिझेलवर चालणारी लहान यंत्रे वापरतात, ती वाहने आणि नौकांसाठीच्या तापकांच्याच घराण्यातली आहेत. हिवाळ्यात नळी व ब्रश गोठू नयेत आणि कामगाराची बोटे बधिर होऊ नयेत हा मूळ हेतू, आणि ‘गरम पाण्याने काच अधिक स्वच्छ होते’ हा दावा नंतरचा, असे एक मत आहे. दाबयंत्रांच्या व्यवसायातून आलेल्या जाणकारांना ते पटत नाही. पद्धतीचा प्रसार प्रथम थंड देशांत झाला हे पाहता पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते.

तापमानाचा परिणाम : जर्मन रसायनज्ञ हर्बर्ट झिन्नर याने १९५९ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार सफाईचे घटक चार : रसायन, घर्षण, तापमान आणि वेळ. एक कमी केला तर उरलेल्यांनी भरपाई करावी लागते. शुद्ध पाण्याच्या पद्धतीत रसायन जवळजवळ नसते, म्हणून तापमानाला महत्त्व येते असा युक्तिवाद केला जातो. प्रत्यक्षात काय बदलते ते पाहू. २०° से. ला पाण्याची श्यानता (वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध) सुमारे १.०० मिलिपास्कल-सेकंद असते, ६०° ला ती ०.४७ पर्यंत उतरते. पाणी फटींत आणि मळाखाली लवकर शिरते. पृष्ठताण मात्र ७२.८ वरून ६६ मिलिन्यूटन प्रति मीटरच्या आसपास येतो, म्हणजे फरक दहा टक्क्यांच्याही आत. साबणाचा एखादा थेंब तो याच्या निम्म्यावर आणतो. तेव्हा गरम पाणी काचेवर अधिक चांगले पसरते हे म्हणणे खरे असले, तरी त्याचे श्रेय एकट्या उष्णतेला देणे जड जाते.

मळाच्या जातीप्रमाणे निष्कर्ष बदलतो, आणि गोव्यात तो बराच बदलतो. मिरामार, कळंगुट, कोलवा अशा किनारपट्टीवर काचेवर बसतो तो प्रामुख्याने समुद्राच्या तुषारांतला क्षार. मीठ २०° ला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम आणि ६०° ला सुमारे ३७ ग्रॅम विरघळते. त्याला गरम-थंडाचे सोयरसुतक नाही. हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा थर ओलावा ओढून चिघळतो आणि त्याला धूळ चिकटते. गोव्यात पहाटे ही मर्यादा बऱ्याचदा ओलांडली जाते. म्हणून किनाऱ्यालगत पाणी तापवण्यापेक्षा ते वारंवार आणि भरपूर सोडणे जास्त उपयोगी. जांभ्याची तांबडी धूळ आणि डिचोली-सांगे पट्ट्यातल्या खनिजाची भुकटी म्हणजे मुख्यतः लोहाची ऑक्साइडे. ती विरघळत नाहीत, ब्रशाने सुटतात. चुन्याच्या डागांचे तर उलटेच : कॅल्शियम कार्बोनेटाची विद्राव्यता तापमानाबरोबर घटते.

उष्णतेचे खरे क्षेत्र उरते ते स्निग्ध मळाचे : स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टसमोरच्या काचा, पोहण्याच्या तलावाभोवतीचे काचेचे कठडे. अशा कठड्यावर दुपारनंतर तिरप्या उजेडात पाहिले तर सनस्क्रीन लावलेल्या तळहातांचे ठसे कंबरेच्या उंचीला ओळीने दिसतात. थंड पाणी त्यांच्यावरून मणी होऊन घरंगळते. गरम पाण्याखाली ते ब्रशाच्या दोन-चार फेऱ्यांत जातात. पण इथेही एक गोम आहे. खोबरेल सुमारे २४° ला वितळते, म्हणजे थंड देशात काचेवर थिजून बसणारी चरबी गोव्यात बहुतेक वर्षभर पातळच असते. फोडणीचा तेलकट धूर काही महिने साचून राळेसारखा घट्ट झाला, तर तो ६०° च्या पाण्यालाही दाद देत नाही. त्याला अल्कधर्मी द्रावणच लागते. पक्ष्यांच्या विष्ठेतील यूरिक आम्ल पाण्यात फारच कमी विरघळते. गरम पाण्याने ती लवकर भिजून फुगते, एवढाच लाभ.

ऊर्जा : मिनिटाला दोन लिटर पाणी ८° वरून ६०° ला न्यायला सुमारे ७.३ किलोवॉट शक्ती लागते. गोव्यात टाकीतले पाणी २७-२८° च्या आसपास असल्याने हेच काम सुमारे ४.६ किलोवॉटमध्ये होते. लांब नळीत पाणी वाटेत निवते आणि ब्रशापाशी पोचेपर्यंत बरेच अंश गमावते. तापकावरचा आकडा म्हणजे काचेवरचे तापमान नव्हे.

काचेला धोका : साधी (ॲनील्ड) काच सुमारे ४०° से. चा तापमानफरक सोसते असे मानतात, टफन्ड (तापवून कणखर केलेली) काच सुमारे २००° चा. तडा बहुधा कडेच्या बारीक खाचेपासून सुरू होतो, म्हणून कडा चिरडलेल्या किंवा चौकटीत आवळलेल्या काचेला भय अधिक. पणजीच्या पाटो भागातील कचेऱ्या आणि किनाऱ्यावरची हॉटेले यांत आतून वातानुकूलन चालू असते. अशी काच २४-२५° वर असताना तिच्यावर ६५° चे पाणी एकदम पडले, तर साध्या काचेची मर्यादा गाठली जाते. एप्रिल-मेच्या उन्हात रंगीत काच हाताला पोळेल इतकी तापते. तिथे टाकीतल्या साध्या पाण्याचा झटका हाच धोका ठरतो आणि कोमट पाणी उलट सौम्य पडते. त्यामुळे काम सकाळी, सावलीच्या बाजूने सुरू करून पाणी हळूहळू गरम करत नेणे श्रेयस्कर. उन्हापासून बचावासाठी चिकटवलेली फिल्म बाहेरच्या बाजूस असेल, तर तिच्या कडांवर गरम पाणी सोडू नये.

शुद्धीकरणाचा क्रम : तापक नेहमी शुद्धीकरणानंतर बसवतात. आरओच्या (दाबाने पाणी गाळण्याच्या) पटलाला सर्वसाधारणपणे ४५° ची कमाल मर्यादा असते आणि उरलेले क्षार शोषणाऱ्या रेझीनच्या मण्यांतील ऋणायनी घटक ६०° च्या आसपास खराब होऊ लागतो. शुद्ध गरम पाणी धातूंना खाते, म्हणून तापकाची आतली नळी पोलादाची, तीही स्टेनलेस लागते. विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण दशलक्षात दहाच्या खाली असावे. टीडीएस मीटरने ते जागेवर तपासतात. ओपा किंवा साळावली योजनेचे नदीचे पाणी सहसा मऊ असल्याने रेझीन जास्त दिवस टिकते. किनाऱ्याजवळच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते आणि रेझीन झपाट्याने संपवते.

शिंपल्यांच्या खिडक्या : चांदर, लोटली इथल्या जुन्या घरांत काचेऐवजी लाकडी जाळीत बसवलेल्या शिंपल्यांच्या तकट्या (पातळ चकत्या) अजून दिसतात. त्यांवर ही पद्धत वापरू नये. प्लॅकुना प्लॅसेंटा या शिंपल्याचे कवच सुमारे ९९ टक्के कॅल्साइट असते. त्याचे पातळ थर अत्यल्प सेंद्रिय द्रव्याने जोडलेले असतात. पाण्याच्या माऱ्याने थर सुटतात, जाळीचे लाकूड फुगते आणि वाळताना तकटी पिळवटते. व्हिनेगर, लिंबू यांसारखी आम्ले तर कवच थेट विरघळवतात; काचेसाठी घरोघरी चालणारा उपाय इथे घातक आहे. या शिंपल्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्याने फुटलेल्या तकटीच्या जागी नवी मिळवणे सोपे नाही. मऊ कोरडा ब्रश आणि किंचित ओला कपडा, एवढेच करावे.

आरोग्य : ६०° च्या पाण्याने पाचेक सेकंदांत गंभीर भाजू शकते, जोड सुटलेली नळी हे नेहमीचे कारण. तुषारांतून श्वासात गेल्यास न्यूमोनिया घडवणारे लीजनेला जिवाणू २०° ते ४५° या टप्प्यात वाढतात. गोव्यात उन्हात उभ्या गाडीतली न तापवलेली टाकीही याच टप्प्यात असते, आणि ब्रशातून तुषार उडतात. म्हणून टाकी रोज रिकामी करणे किंवा तिच्यातील पाणी वेळोवेळी ६०° च्या वर नेणे हे तापक असो वा नसो, दोन्ही पद्धतींना लागू आहे.

सद्यस्थिती : गोव्यातील बरीच काचसफाई आजही वायपर, शिडी आणि उंच इमारतींवर दोर किंवा झुला यांच्या साह्याने होते. दांड्याची सोयीची पोच चार-पाच मजल्यांची असल्याने तो इथल्या बैठ्या हॉटेलांना आणि बंगल्यांना साजेसा आहे. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, बाहेरची कामे मंदावतात. गणेशचतुर्थीनंतर पर्यटन हंगामाच्या तोंडावर ती एकदम वाढतात, आणि चार महिन्यांच्या ओलीने चौकटीच्या सिलिकॉनवर धरलेली काळी बुरशी तेव्हाच पुढ्यात येते. ब्रशापाशी उरलेल्या तापमानाला ती मरत नाही. तिला वेगळे बुरशीनाशक लागते.