पांढऱ्या पार्श्वभूमीची पार्श्वभूमी

ऑनलाइन दुकानात चपला बघा, कुकर बघा, नाहीतर पाठीवरची बॅग. वस्तू पांढऱ्याशुभ्र पोकळीत तरंगत असते. अ‍ॅमेझॉनचा तर विक्रेत्यांसाठी नियमच आहे: मुख्य फोटोची पार्श्वभूमी निर्भेळ पांढरी, म्हणजे पडद्यावरचे लाल, हिरवा, निळा हे तिन्ही रंग २५५ वर, म्हणजे कमाल पातळीवर, आणि वस्तूने निदान ८५ टक्के चौकट व्यापलेली. हा पांढरा रंग वेबसाइटवाल्यांची कल्पना वाटतो. पण तो आला लाकडी ठशांतून.

कॅमेऱ्याने सुरुवात केली होती ती काळपट पार्श्वभूमीवर. इंग्लंडच्या विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बटने १८४४ पासून भागाभागाने छापलेल्या आपल्या पुस्तकात फळीवर मांडलेल्या चिनी मातीच्या भांड्यांचे छायाचित्र दिले. एकेका भांड्याचे वर्णन लिहीत बसण्यापेक्षा हे सोपे, आणि भांडी चोरीला गेलीच तर चित्र न्यायालयात दाखवता येईल, असे त्याचे म्हणणे. विक्रीचा विचार त्यात नव्हता.

तो विचार टपालाने माल विकणाऱ्यांनी केला. शिकागोत मॉन्टगोमेरी वॉर्डने १८७२ मध्ये शेतकऱ्यांसाठी एक पानी दरपत्रक काढले. पुढे त्याची जाडजूड सचित्र पुस्तके झाली. चित्रे लाकडी ठशांवरची. ठशात जो भाग कोरून काढला त्याला शाई लागत नाही, कागद कोराच राहतो. शेगडीमागची भिंत दाखवायची तर कारागिराला रेघ न् रेघ कोरावी लागणार, आणि त्याची मजुरी कोण देणार? मागचा भाग उडवून टाकणे सर्वांत स्वस्त. पांढऱ्याचा जन्म हा असा, काटकसरीतून.

१८८० नंतर हाफटोन आला. फोटो बारीक जाळीतून ठिपक्यांत फोडून धातूच्या ब्लॉकवर उतरवायचा. (कोलकात्यात उपेंद्रकिशोर रायचौधुरींनी या तंत्रावर केलेल्या कामाची दखल विलायतेतल्या छपाईवाल्यांनीही घेतली.) पण फोटो सगळेच घेऊन येतो. यंत्राबरोबर कारखान्यातले पट्टे, तेलाचे डाग, मागे उभा असलेला माणूस. शिवाय हाफटोनमध्ये कोरी जागाही ठिपक्यांमुळे करडी छापली जाई. मग रिटचिंग करणारा फोटोवर यंत्राच्या कडेकडेने पांढरा रंग भरायचा आणि ब्लॉकमेकर तिथले ठिपके खरवडून काढायचा. आज ‘बॅकग्राउंड रिमूव्ह’ म्हणतात ते हेच. आपल्याकडे १९२० मध्ये निघालेले ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक किर्लोस्करांच्या कारखान्याचा माल गिऱ्हाइकापर्यंत नेण्यासाठीच होते. संपादक शंकरराव किर्लोस्कर चित्रकलेचे शिक्षण घेतलेले, हा योगायोग मला बोलका वाटतो.

१९९० मध्ये फोटोशॉप बाजारात आले आणि कुंचल्याची जागा माउसने घेतली. गंमत म्हणजे सुरुवातीच्या वेबपानांचा मूळ रंग करडा होता. तरी पांढरेच टिकले, आणि कारण पुन्हा काटकसर. फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडणाऱ्या २८.८ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) वेगाच्या मोडेमवर ५० केबीचा (किलोबाइट, म्हणजे सुमारे ४०० किलोबिटचा) फोटो उतरायला चौदाएक सेकंद लागत. १९९२ मध्ये प्रमाण ठरलेल्या जेपेगमध्ये, म्हणजे फोटो दाबून साठवायच्या फाइलमध्ये, सपाट रंगाचा भाग अगदी थोड्या जागेत मावतो. पानाफुलांची पार्श्वभूमी मावत नाही.

आता वेग आहे, मोबाइल एका टिचकीत कडा कापून देतो, तरी नियम तसाच. आणि तो सगळ्याच मालाला मानवत नाही. चांदीचे भांडे पांढऱ्यावर कडा हरवून बसते. धूपछाँव पैठणीचे उभे धागे एका रंगाचे, आडवे दुसऱ्या; दोन्ही बाजूंनी सारखा मऊ उजेड सोडला की फोटोत एकच कुठलातरी मधला रंग येतो, आणि पार्सल उघडल्यावर बाई म्हणते, ‘ही ती नव्हेच.’ म्हणून साडी विकणारे फोटो टाकतात तो नियमापुरता. खरा रंग दाखवायला पदर हातावर घेऊन खिडकीशी जातात, आणि तो हलवत व्हिडिओ काढतात.