स्टेअरिंग हलकं की उतावळं?

जुनी गाडी घेतली की महिन्याभरात एक तक्रार हमखास कानावर येते: "पॉवर स्टेअरिंग फार सेन्सिटिव्ह आहे हो, जरा हात हलला की गाडी भलतीकडे जाते." ही तक्रार साताऱ्याच्या एमआयडीसीजवळच्या गॅरेजात सांगा नाहीतर सांगलीत विश्रामबागला, उत्तर बहुतेक एकच मिळतं. पंप बघावा लागेल. मग पंप उतरतो, तेल बदलतं, बिल होतं, आणि कराडकडे जाताना गाडी पहिल्यासारखीच लेनमध्ये नाचते.

घोटाळा असा की "सेन्सिटिव्ह" या एका तक्रारीत दोन वेगळी दुखणी कोंबलेली असतात. पहिलं म्हणजे हलकं स्टेअरिंग: फिरवायला जोरच लागत नाही, रस्ता हाताला कळत नाही. दुसरं म्हणजे उतावळं स्टेअरिंग: जोर कितीही लागो, चाकं मागितल्यापेक्षा आधी वळतात, जास्त वळतात किंवा न मागताच वळतात. दोन्ही एकाच गाडीत असू शकतात, पण एक असलं की दुसरं असतंच असं नाही. जुन्या जीपला पॉवर स्टेअरिंग नव्हतंच, वळवताना दंड भरून यायचे, तरी ती सरळ रस्त्यावर डावी-उजवी करत जायची. उलट पॉवर स्टेअरिंगच्या कितीतरी गाड्या एका बोटाने पार्क होतात आणि ८० च्या वेगाला रेषेत चालतात.

पंप नेमकं काय करतो ते कळलं की निम्मा गोंधळ मिटतो. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या प्रकारात रॅकच्या (चाकं वळवणाऱ्या दातेरी दांड्याच्या) तोंडाशी एक बारीक टॉर्शन बार असतो. तुम्ही जोर लावला की तो किंचित पिळला जातो, तेवढ्याने झडप उघडते आणि पंपाचं तेल रॅकला त्या बाजूला ढकलतं. इलेक्ट्रिकमध्ये हाच पीळ टॉर्क सेन्सर मोजतो आणि मोटर मदतीला येते. गाडीचा वेग वाढला की कंट्रोलर ती मदत कमी करतो. क्रायस्लरने १९५१ मध्ये इम्पीरियलला हायड्रॉलिक मदत दिली, सुझुकीने १९८८ मध्ये छोट्या सर्व्होला इलेक्ट्रिक दिली, आणि तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे. दोन्हींत मदत मिळते ती जोराला. स्टेअरिंग इतकं फिरवलं तर चाक किती वळेल, हे रॅकचे दाते आणि पुढची सांधेजोड ठरवते. त्यात पंपाचा हात नाही. म्हणून "हात जरा हलला की गाडी जास्त वळते" असं कुणी म्हणालं, तर पंपाकडे सगळ्यात शेवटी बघायचं.

ओळखायची रीत सोपी आहे. गाडी उभी, इंजिन चालू, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. एका बोटाने फिरलं तर ते हलकं, एवढंच कळलं. बिघाड आहे असं त्यावरून ठरत नाही. दुसरी परीक्षा रिकाम्या, सपाट, सरळ रस्त्यावर, साधारण ६० च्या वेगाने. हात स्टेअरिंगवरच, पण पकड सैल. गाडी रेषेत राहते का? हळू वेगात वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपणहून मध्याकडे येतं का? ऊस भरलेल्या ट्रॉलीला ओलांडताना किंवा रस्त्याच्या खाचेवरून जाताना ती स्वतःच दिशा पकडते का? इथे गडबड दिसली तर दुखणं उतावळेपणाचं. यवतेश्वरच्या घाटात ही परीक्षा घेऊ नका. तिथे वेग कमी, वळणं जास्त, आणि हात सतत कामात असल्यामुळे दोन्ही दुखणी सारखीच वाटतात.

हलकेपणाची कारणं मोजकी आहेत. पहिलं कारण फुकटात सुटतं: पुढच्या टायरमध्ये हवा जास्त. पंक्चरवाल्याला आकडा सांगितला नाही की तो सवयीने ३५ ते ४० भरून देतो. कंपनीचा आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकरवर असतो, आणि छोट्या गाड्यांत तो बहुधा ३० च्या आसपास. टायर फुगला की जमिनीला टेकणारा पट्टा लहान होतो, स्टेअरिंग हलकं होतं आणि गाडी उड्या मारते ते वेगळंच. दुसरं कारण म्हणजे भंगारातून आणलेला, दुसऱ्याच मॉडेलचा पंप किंवा रॅक. बसतो, चालतोही, पण त्याचा तेलाचा प्रवाह किंवा टॉर्शन बारचा ताठपणा या गाडीसाठी नसतो. तिसरं म्हणजे पंपातली प्रवाह आवरणारी झडप अडकणं. ती खोलून साफ करता येते. आणि गाडी कंपनीतूनच हलकी आली असेल तर ती तशीच असणार. सवय करून घेणं हाच स्वस्त इलाज.

यावर दोन जुगाड सर्रास सुचवले जातात, आणि दोन्ही टाळावेत. एक, पंपात जाड तेल घालणं. त्याने पंप किंचाळतो आणि सील लवकर जातात, बाकी काही नाही. दोन, पंपाचा बेल्टच काढून ठेवणं. पॉवरचा रॅक बिनापॉवर चालवणं हे साध्या स्टेअरिंगपेक्षा कितीतरी जड जातं, कारण त्याचे दाते मदत गृहीत धरून केलेले असतात आणि आतलं तेलही तुम्हालाच ढकलावं लागतं. शिवाय काही गाड्यांत त्याच बेल्टवर पाण्याचा पंप किंवा अल्टरनेटरही असतो.

आता उतावळेपणा. खरं काम इथे आहे, आणि जुन्या गाड्यांत बहुतेक वेळा दुखणं इथेच सापडतं. पेठ–सांगली रस्त्याने वर्षानुवर्षं गाड्यांचे किती बुश (सांध्यांतले रबरी तुकडे) खाल्ले याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही, पण गाडीखाली शिरलं की तो दिसतो. इंजिन बंद, चाकं जमिनीवर. एकाने वर बसून स्टेअरिंग थोडं थोडं डावी-उजवी हलवायचं, दुसऱ्याने खाली टाय रॉड एंडला, म्हणजे रॅककडून येणारा दांडा चाकाला जोडणाऱ्या सांध्याला, तळहात लावायचा. सांधा चांगला असेल तर दांडा आणि चाक एकदम हलतात. गेला असेल तर दांडा आधी हलतो, मग बारीक "टक्" होतं, मग चाक. ती टक् कानाआधी तळहाताला कळते. रॅक एंडलाही (रॅकच्या टोकाच्या सांध्याला) रबरी बुटावरून हाच हात लावायचा. मग पहार घेऊन लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) मागचा बुश हलवून बघायचा. रबर चिरलं असेल तर ब्रेक मारताना आणि खड्ड्यात आर्म पुढे-मागे सरकतो, चाकाचा कोन बदलतो, आणि ड्रायव्हर म्हणतो स्टेअरिंग सेन्सिटिव्ह झालं.

एक फसवी गोष्ट शॉकअपच्या वरच्या माउंटिंगची. त्यातला बेअरिंग गंजून आखडला की स्टेअरिंग वळवलेल्या जागीच थांबतं, मध्याला परतत नाही. मग ड्रायव्हर सतत उलटसुलट दुरुस्त करत राहतो आणि दोष पंपावर जातो. बोनेट उघडून माउंटिंगवर बोटं टेकवा आणि कुणाला तरी स्टेअरिंग फिरवायला सांगा. स्प्रिंग अडून एकदम सुटल्यासारखा झटका बोटांना बसला तर चोर सापडला.

हे सगळं घट्ट झाल्यावरच अलाइनमेंट, म्हणजे मशीनवर चाकांचे कोन जुळवणं. आधी केलं तर पैसे पाण्यात. आणि केल्यावर प्रिंट मागून घ्या. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या चाकांचं फक्त टो (चाकांची तोंडं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते) सेट करता येतं. कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) आणि कँबर (चाकाचा आत-बाहेर कल) मशीन दाखवतं, पण फिरवायला बोल्ट नसतो. टो बाहेरच्या बाजूला गेलं असेल तर गाडी वळणात चटकन शिरते आणि सरळ रस्त्यावर अस्वस्थ होते. ते तिथेच सुटतं. कॅस्टर कमी दिसलं तर मात्र मशीनवाल्याच्या हातात काही नाही. ठोकरीने आर्म वाकलाय किंवा बुश बसलाय, म्हणजे परत गॅरेज. चाकं मध्याला परत आणणारा कोन तोच. "अलाइनमेंट करून दिलं" या शब्दावर समाधान मानणारे लोक हाच आकडा बघत नाहीत.

दोन दुखण्यांच्या मध्ये बसणारी एकच केस खरी पंपाच्या बाजूची आहे: हायड्रॉलिक रॅकची झडप झिजून एका बाजूला झुकणं. एकीकडे हलकं, दुसरीकडे जड लागतं. पुढचा भाग स्टँडवर घेऊन इंजिन चालू केलं आणि स्टेअरिंगला कुणी न शिवता ते आपोआप फिरू लागलं, तर रॅक बदलायचा किंवा चांगल्या माणसाकडून रिपेअर करून घ्यायचा. अलाइनमेंटने हे सुटत नाही.

मारुती ८०० किंवा ओम्नीला बाहेरून इलेक्ट्रिक किट बसवलेलं असेल तर दोन्ही दुखणी एकत्र भेटतात. साध्या स्टेअरिंगच्या गाड्यांत वळवायला हलकं जावं म्हणून कॅस्टर कमी ठेवायची पद्धत होती. त्यावर मोटर आली, आणि कंट्रोलरला गाडीचा वेग सांगणारी वायर जोडायची राहिली की मोटर पार्किंगमध्ये देते तेवढीच मदत हायवेवरही देते. आधी ती वायर शोधा. काही किटच्या कंट्रोलरला मदत कमी-जास्त करायची नॉब असते, ती बहुधा डॅशबोर्डखाली टेपने गुंडाळून ठेवलेली सापडते.

सांगलीत जुनी गाडी घेताना एक जादा पाहणी लागते. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कृष्णेच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या नंतर धुऊन-पुसून बाजारात आल्या नसतील असं समजू नका. रॅकच्या रबरी बुटाची क्लिप सैल करून आत बघा. कोरडं असेल तर ठीक, थोडं तेल असेल तर सील गेलंय, आणि वाळलेला गाळ निघाला तर रॅकला गंज धरलाय. इलेक्ट्रिक असेल तर स्टेअरिंग कॉलमखालचा कनेक्टर काढून पिना बघा. हिरव्या पडलेल्या दिसल्या तर टॉर्क सेन्सरचा सिग्नल कधीही लटपटणार. असली गाडी स्वस्तात मिळाली तरी रॅकचा किंवा कॉलमचा खर्च किमतीतून वजा करूनच बोली लावा.