कच्च्या पपईच्या गॉयमध्ये कॅल्शियम काय करतं?

गेल्या महिन्यात एका नातेवाइकांनी व्हिडिओ पाठवला. पांढऱ्या बशीत कच्च्या पपईचा लांबट कीस, त्यावर उकडलेली कोळंबी, भाजलेले दाणे आणि सगळ्यांत वर मधाच्या रंगाचे टपोरे मोती. चमच्याने दाबलं की मोती फुटतो आणि आतून पातळ रस ओघळतो. खाली त्यांचा शेरा होता, ‘आता सॅलडमध्येही केमिकल!’ मी मात्र तो व्हिडिओ सात-आठ वेळा पाहिला, कारण त्या मोत्यांनी स्वयंपाकघरातला एक जुना प्रश्न सोडवलेला दिसत होता.

ही बशी व्हिएतनामची. दक्षिणेत या प्रकाराला गॉय म्हणतात, उत्तरेत नोम. पपईचं, कमळाच्या कोवळ्या देठांचं, केळफुलाचं, कोंबडीचं अशी त्याची कितीतरी रूपं आहेत. पण प्राण एकाच कालवणात असतो: नुओक माम, लिंबू, साखर, लसूण, मिरची. आपल्या मांदेलीच्या कुळातले छोटे मासे आणि मीठ साधारण तीनास एक या प्रमाणात लाकडी पिंपांत भरून वर्षभर मुरवले की जो रस निथळतो, तो नुओक माम. फू क्वोक बेटावरचा विशेष नावाजलेला. मुरताना मासळीतली प्रथिनं तुटून अमिनो आम्लं सुटी होतात, त्यात ग्लुटामेट भरपूर असतं. हेच ग्लुटामेट १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने समुद्री शेवाळातून वेगळं केलं आणि पुढे ते अजिनोमोटो या नावाने पाकिटातून विकलं जाऊ लागलं. पिंपातलं पारंपरिक आणि पाकिटातलं विषारी, असा भेद जिभेलाही करता येत नाही आणि पोटालाही.

आता तो जुना प्रश्न. काकडीची कोशिंबीर करताना आपण मीठ अगदी पानं घेताना घालतो, नाहीतर पाणी सुटतं. गॉयचंही तेच होतं. पपईची प्रत्येक पेशी म्हणजे पाण्याने तट्ट फुगलेली पिशवी, आणि दाताखाली येणारा कुरकुरीतपणा हा त्या फुगलेपणाचा. बाहेर खारट-गोड कालवण पडलं की परासरणाने आतलं पाणी बाहेर येतं, पिशव्या सैल पडतात, कीस मलूल होतो आणि कालवणही पाणचट होतं. कालवण पातळ तर राहायला हवं, पण तोंडात जाईपर्यंत पपईला लागता कामा नये. म्हणजे त्याला वेष्टन हवं.

जिलेटिनचं वेष्टन इथे चालत नाही. मटण मऊ व्हायला आपण कच्ची पपई लावतो, ती तिच्या चिकातल्या पपेन या विकरासाठी. पपेन प्रथिनं कापतं, आणि जिलेटिन हे प्रथिनच आहे. म्हणून तपकिरी समुद्री शेवाळातलं अल्जिनेट घ्यायचं. १८८१ मध्ये स्टॅनफर्ड या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने ते वेगळं केलं. दाताच्या डॉक्टरांनी तुमच्या जबड्याचं माप घेतलं असेल, तर तो गारगार लगदा बहुधा अल्जिनेटचाच होता.

अल्जिनेट म्हणजे दोन प्रकारच्या शर्करा-आम्लांची लांबच लांब साखळी. एकाचं नाव मॅन्युरोनिक, दुसऱ्याचं ग्युलुरोनिक. मॅन्युरोनिकचा पट्टा सपाट असतो. ग्युलुरोनिकचा पट्टा मात्र नागमोडी, त्यात ओळीने खळगे. प्रत्येक कडीवर एक कार्बॉक्सिल गट असतो आणि त्यावर ऋण प्रभार. सोडियम अल्जिनेटमध्ये हा प्रभार सोडियम सांभाळतो. पण सोडियमवर एकच धन प्रभार, त्यामुळे तो एकाच साखळीचा सोबती. कॅल्शियमवर दोन. तो एका साखळीच्या खळग्यात बसतो आणि समोरची साखळी त्याच्यावर झाकणासारखी येते. अंड्यांचे दोन ट्रे समोरासमोर ठेवावेत आणि मधल्या प्रत्येक खोबणीत एकेक अंडं असावं, अगदी तसं. १९७३ मध्ये मांडलेलं हे प्रारूप ‘अंड्यांचा खोका’ याच नावाने ओळखलं जातं. मला रसायनशास्त्रात इतकं डोळ्यांसमोर उभं राहणारं चित्र दुसरं माहीत नाही. फळांमधल्या पेक्टिनलाही कॅल्शियम असंच बांधतं. व्हिएतनाममध्ये तेत या नववर्षाच्या सणासाठी कोहळं साखरेत पाकवण्याआधी चुन्याच्या निवळीत भिजवतात आणि आपल्याकडे पेठ्याचा कोहळाही तसाच भिजवतात, तो या बांधणीसाठी. निवळी हे केमिकल नव्हे असं कोणाला वाटत असेल, तर शाळेतलं कॅल्शियम हायड्रॉक्साइड आठवावं.

कॅटलोनियातल्या एल बुई या उपाहारगृहात फेरान आद्रिया यांनी २००३ पासून ही युक्ती पानात आणली. अल्जिनेट मिसळलेला रस कॅल्शियमच्या पाण्यात थेंब थेंब सोडायचा, थेंबावर त्वचा धरते. मी घरी हेच करायला गेलो. लिंबू पिळलेल्या कालवणात अल्जिनेट घातलं आणि पाहता पाहता भांड्यात फाटलेल्या दुधासारख्या गुठळ्या झाल्या.

कारण सामू. लिंबाच्या रसाचा सामू साधारण २ ते २.५. अल्जिनेटच्या कार्बॉक्सिल गटांचं पीकेए मूल्य ३.४ ते ३.७ च्या दरम्यान आहे. सामू त्या मूल्याइतका असला की निम्मे गट हायड्रोजन धरून बसतात. तो आणखी एकाने घसरला, तर अकरांतले दहा. हायड्रोजन बसला की प्रभार संपला. मग साखळ्या एकमेकींना दूर लोटत नाहीत, पाण्यातही नीट विरघळत नाहीत आणि गोळा होतात. भरीला लिंबातलं सायट्रेट कॅल्शियमला स्वतःच पकडून ठेवतं आणि नुओक माममधला भरमसाट सोडियम खळग्यांसाठी कॅल्शियमशी स्पर्धा करतो. सोडियम सायट्रेट घालून आम्लता उतरवता येते, पण त्याने आंबटपणाच मवाळ होतो, आणि आंबटपणा गेला तर ते गॉय राहत नाही.

उपाय म्हणजे सगळं उलटं करायचं. कॅल्शियम कालवणात, अल्जिनेट बाहेरच्या पाण्यात. लिटरभर पाण्याला ५ ग्रॅम अल्जिनेट. पाणी डिस्टिल्ड हवं, कारण बोअरच्या दुष्फेन पाण्यातलं कॅल्शियम थेंब पडायच्या आतच गोंधळ घालतं. मिसळताना आलेले बुडबुडे जावेत म्हणून ते रात्रभर ठेवलं. कालवणात शेकडा २ या प्रमाणात कॅल्शियम लॅक्टेट घातलं. कॅल्शियम क्लोराइड इथे नको, ते कडू लागतं. थेंब पसरू नये म्हणून कालवण दाट करायला चिमूटभर झँथन गम. मग गोल चमच्याने कालवण अलगद आत सोडलं. कॅल्शियम बाहेर झिरपतं, अल्जिनेटला भेटतं आणि पडदा बाहेरच्या बाजूने वाढतो. दोन-तीन मिनिटांत मोती काढून साध्या पाण्यात धुतला की वाढ थांबते. पहिल्या पद्धतीत कॅल्शियम आत घुसत राहतं आणि थोड्या वेळात मोत्याची घट्ट गोळी होते. इथे आतला रस पातळच राहतो.

पपईचा कीस मिठाच्या पाण्यात बुडवून चीक धुतला, बर्फाच्या पाण्यातून काढून घट्ट पिळला. हे व्हिएतनामी घरांतलंच तंत्र, त्यात मी काही बदललं नाही. वर मोती मांडले आणि अर्ध्या तासाने खाल्लं. कीस कुरकुरीत होता, मोती फुटले तेव्हा लिंबू आणि मासळी एकदम नाकात चढली.

तरी काहीतरी उणं वाटत होतं. गॉय हाताने कालवतात, कालवण किंचित मुरतं, पपईच्या कडा जरा नरमतात, आणि ती चव मोत्यात बंद करता येत नाही. पुढच्या वेळी निम्मं कालवण आयत्या वेळी हाताने चोळलं, निम्म्याचे मोती केले. वरून दाणे, तळलेला कांदा, राउ रामची तिखट वासाची पानं. ही बशी मला त्या व्हिडिओतल्यापेक्षा बरी वाटली.