समलिंगी व्यक्तींविषयीची सामाजिक दृष्टी : सातारा व सांगली जिल्हे

समलिंगी आकर्षण असणाऱ्या स्त्री-पुरुषांकडे घर, गाव, शाळा, दवाखाना आणि कायदा कोणत्या नजरेने पाहतात, ती नजर गेल्या काही दशकांत कशी बदलली आणि तिच्यातला तिटकारा अजून कुठे टिकून आहे, याचा विचार या नोंदीत कृष्णाकाठच्या सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांपुरता केला आहे. मुंबई-पुण्यात दिसते तेच साऱ्या महाराष्ट्रात घडते असे समजण्याची चूक वारंवार होते. ऊस, दूध, भावकी आणि फौजेतली नोकरी यांवर उभ्या असलेल्या या मुलखात बदलाची चाल वेगळी आहे. येथे समलिंगीद्वेष मारहाणीच्या रूपात क्वचित समोर येतो. लग्नाची सक्ती हे त्याचे सर्वांत पसरलेले रूप आहे, आणि ती सक्ती करणारी माणसे बहुधा जिवाभावाचीच असतात.

पूर्वपीठिका

पुरुषाने बाईपण धारण करणे या भागाला नवे नाही. यल्लम्माला सोडलेले जोगते जत तालुक्यापासून सीमेपलीकडच्या सौंदत्तीपर्यंत डोक्यावर जग (देवीचा मुखवटा बसवलेली टोपली) घेऊन, चौंडकं वाजवत फिरत आले. शाहीर पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे, आणि कवलापूरने तमाशाला फड दिले. त्या फडांतला नाच्या, म्हणजे बायकी हावभाव करून नाचणारा पुरुष, हा गावोगावच्या जत्रेत ओळखीचा माणूस होता. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगवले, तेव्हा स्त्रीपात्रे पुरुषांनीच केली. नागठाणे (ता. पलूस) हे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांचे गाव, त्यांच्या साडी नेसण्याचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करीत.

या परंपरांवरून ‘आपल्याकडे पूर्वी सगळे मोकळे होते’ असा निष्कर्ष काढला जातो, तो टिकत नाही. जोगत्याला मान होता तो देवीच्या नावाने, आणि परडी खाली ठेवली की तो मान संपत असे. नाच्याला टाळ्या मिळत, पण मुलगी कोणी देत नसे. शिवाय जोगते आणि तृतीयपंथी यांचा प्रश्न लिंगभावाचा आहे, तर समलिंगी पुरुषाला पुरुष म्हणूनच पुरुषाचे आकर्षण असते. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्यामुळे आजही अनेक आईवडील मुलाने ‘मी गे आहे’ म्हटले की ‘म्हणजे तू साडी नेसणार का?’ असे घाबरून विचारतात. मिशी ठेवणारा, ट्रॅक्टर चालवणारा, तालमीत जाणारा मुलगा समलिंगी असू शकतो, हे गावाच्या कल्पनेत बसत नाही. समलिंगी स्त्रीला तर जोगत्याइतकीही जागा या परंपरेत कधी नव्हती.

मराठीत या विषयावर स्वच्छ नजरेने लिहिणाऱ्यांत र. धों. कर्वे अग्रणी ठरतात. त्यांचे ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक १९२७ ते १९५३ या काळात निघत होते. हस्तमैथुन व समलिंगी संबंध यांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना त्यांनी दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने बॅरिस्टर म्हणून उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते आपोआप अश्लील ठरत नाही, ही भूमिका त्यांनी कोर्टात मांडली. खटल्यात हार झाली, कर्व्यांना दंड झाला. साताऱ्यातल्या आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये बाबासाहेबांचा प्रवेश ७ नोव्हेंबर १९०० रोजी झाला आणि राज्यभर तो दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळला जातो. त्या दिवसाच्या भाषणांत या खटल्याचाही उल्लेख व्हायला हवा. ज्या मुलांना वर्गात ‘बायल्या’ म्हणून चिडवले जाते, त्यांच्यासाठी बाबासाहेबांचे हे काम फार मोलाचे आहे.

एचआयव्हीचा काळ

सांगली, मिरज आणि महामार्गालगतच्या गावांत समलिंगी संबंधांविषयी पहिल्यांदा उघड बोलले गेले ते एचआयव्हीमुळे. १९९२ साली मीना सेषू यांनी सांगलीत ‘संग्राम’ (संपदा ग्रामीण महिला संस्था) सुरू केली. वेश्याव्यवसायातील स्त्रियांनी स्वतःच निरोध वाटायचे, स्वतःच एकमेकींना शिकवायचे, अशी तिची पद्धत होती. त्यातून ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली आणि पुढे पुरुष व तृतीयपंथी यांच्यासाठी ‘मुस्कान’ ही संघटना घडली. एस.टी. स्टँड, रेल्वे स्टेशन, नदीचा घाट अशा ठिकाणी भेटणाऱ्या पुरुषांना कोणीतरी न हिणवता बोलते, तपासणीला सोबत येते, पोलिसाने पैसे उकळले तर चौकीत उभे राहते, हा अनुभव त्या काळी नवा होता.

मात्र हे बोलणे रोगाच्या दारातून आल्यामुळे एक डागही चिकटला. समलिंगी पुरुष म्हणजे ‘जोखमीचा गट’ अशी ओळख सरकारी कागदावर आली. कोती (बायकी वळणाचा पुरुष) आणि पंथी (त्याचा पुरुषी जोडीदार) हे आपसातले शब्द प्रकल्पांच्या रजिस्टरात गेले, आणि ज्याला कधी तपासणीची गरज नव्हती असा शिक्षक किंवा बँकेतला कारकून या सगळ्यापासून दूरच राहिला. त्याला बोलायला माणूस हवा होता. त्यासाठी तो पुण्याला जाई. तेथे बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली स्थापन केलेल्या ‘समपथिक ट्रस्ट’ने मराठीतून समुपदेशन आणि लेखन सुरू केले होते.

कायद्याचा प्रवास

१८६० च्या भारतीय दंडविधानातील कलम ३७७ ने ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संबंध गुन्हा ठरवले. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून वगळले, सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी ते पुन्हा लागू केले आणि अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने एकमताने असे संबंध गुन्ह्याबाहेर काढले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली नाही. तो विषय संसदेकडे सोपवला गेला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३७७ सारखे कलमच नाही. त्यामुळे प्रौढ पुरुषावर झालेल्या लैंगिक अत्याचाराची तक्रार नेमक्या कोणत्या कलमाखाली घ्यायची, हा पेच उभा राहिला आहे.

लोकमत सरकल्याचे देशपातळीवरच्या पाहण्यांत दिसते. प्यू रिसर्च सेंटरच्या पाहणीत समलिंगी व्यक्तींना समाजाने स्वीकारावे असे म्हणणारे भारतीय २०१४ मध्ये १५ टक्के होते, ते २०१९ मध्ये ३७ टक्के झाले. २०२३ मध्ये ५३ टक्क्यांनी समलिंगी विवाहाला अनुकूलता दाखवली. पण पाहणीत ‘हो’ म्हणणे आणि आपल्या घरच्या मुलाला ‘हो’ म्हणणे यांत फार अंतर असते.

लग्न

ते अंतर किती आहे ते लग्नाच्या वेळी कळते. मुलगा पंचविशी ओलांडतो, नोकरीला लागतो किंवा शेत बघू लागतो, आणि मामा, आत्या, भावकीतले चुलते स्थळे आणू लागतात. बायोडाटा छापला जातो, वधू-वर मेळाव्यात नाव जाते. ‘धाकट्या बहिणीचे अडेल’, ‘आमचे डोळे मिटायच्या आत सून बघू दे’, ‘एवढी जमीन कोणाच्या नावावर करायची?’ ही वाक्ये त्याच्या कानावर रोज पडतात. त्याने धीर करून आईला सांगितले, तर बऱ्याचदा उत्तर येते : ‘लग्न झालं की होशील नीट.’ आईला ते खरेच वाटत असते. सुपारी फुटते, साखरपुडा होतो, आणि मुलाला मागे फिरायला जागा उरत नाही, कारण आता मोडले तर दोन घरांची अब्रू जाते.

गावात अशा पुरुषांविषयी कुजबुज नसते असे नाही. अनेकांना ठाऊक असते, आणि ते चालवूनही घेतले जाते. अट एवढीच, की त्याने लग्न करावे, मूल व्हावे आणि बाहेर काही बोलू नये. या मूक तडजोडीला काही जण गावाचे समंजसपण म्हणतात. पण तिची किंमत दोन माणसे आयुष्यभर मोजतात, आणि त्यांतल्या एकीला सौदा झाल्याचे सांगितलेलेच नसते.

त्या बाईविषयी फारच कमी लिहिले गेले आहे. नवरा जवळ येत नाही याचा दोष ती आधी स्वतःच्या रंगाला, अंगाला देते. सासू तिला ‘नवऱ्याला धरून ठेवता येत नाही’ म्हणते. मूल झाले नाही तर उपासतापास आणि तपासण्या तिच्याच. खरे कळल्यावर माहेरचे ‘आता काय करायचं, नांदायचं’ म्हणतात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ नुसार महत्त्वाची गोष्ट लपवून फसवणुकीने संमती घेतली असेल, तर विवाह रद्दबातल ठरवण्याची मागणी करता येते. मात्र फसवणूक उघड झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. हे वर्ष बहुतेकींचे घरच्यांची समजूत काढण्यातच निघून जाते. मुलाला लग्नात ढकलणाऱ्या आईवडिलांनी आपण एका परक्या मुलीशी काय करतो आहोत, हे स्वतःला विचारलेच पाहिजे.

अलीकडे या चित्रात एक विचित्र भर पडली आहे. शेती करणाऱ्या मुलांना मुली मिळेनाशा झाल्यामुळे पस्तिशीतले अविवाहित पुरुष गावोगाव दिसतात. त्यांच्या आडोशाने काही समलिंगी पुरुषांना थोडा श्वास घेता येतो. ‘मिळत नाही’ एवढे सांगून दिवस ढकलता येतात. मात्र घरात हिस्सा मोठा असेल किंवा नोकरी सरकारी असेल, तर हा आडोसाही लाभत नाही.

मुलीच्या वाट्याला तोही येत नाही. तिचे लग्न बऱ्याचदा पदवी पूर्ण होण्याआधीच ठरते. दोन मैत्रिणी सतत एकत्र दिसल्या तर कोणी वावगे मानत नाही, पण त्यांनी लग्नाला नकार देऊन एकत्र राहायचे म्हटले की मोबाईल काढून घेणे, मामाच्या गावी पाठवणे आणि घाईने स्थळ पाहणे सुरू होते. घर सोडलेल्या मुलींच्या मागे ‘बेपत्ता’ची तक्रार जाते आणि सज्ञान असूनही त्यांना पुन्हा त्याच घराच्या ताब्यात देण्याचा प्रयत्न होतो.

उपचार आणि उतारा

सांगून पाहिलेल्या मुलाला काही घरी देवऋषाकडे नेतात. बाहेरची बाधा, करणी, कुलदैवताचा कोप अशी कारणे सांगून उतारे काढले जातात, अंगारा दिला जातो. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी साताऱ्यातून उभ्या केलेल्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामातून २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या निमित्ताने मारहाण करणे, बांधून ठेवणे, चटके देणे हे त्यानुसार गुन्हे आहेत. या चळवळीने तरुणांपुढे मांडलेला जोडीदाराच्या विवेकी निवडीचा विचारही येथे नेमका लागू पडतो. निवडीचा हक्क मान्य केला, की कोणाची निवड करायची हा प्रश्न फार काळ टाळता येत नाही.

डॉक्टरकडे नेले तर सगळे ठीक होईल असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने लैंगिक कलावरून भेदभाव करण्यास मनाई केली, आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कल बदलून देण्याचे ‘उपचार’ व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. तरीही ‘मुलाला बदलून द्या’ म्हणणारे पालक आणि हार्मोनच्या तपासण्या लिहून देणारे दवाखाने संपलेले नाहीत. चांगला मानसोपचारतज्ज्ञ अशा वेळी मुलाची झोप, भूक आणि आत्महत्येचे विचार यांकडे पाहतो आणि खरे समुपदेशन आईवडिलांचे करतो.

शाळा, फौज, फोन

वसतिगृहे हे या भागाचे भूषण. कर्मवीर भाऊराव पाटलांनी जातपात मोडून मुले एका पंगतीला बसवली. त्याच भूमीतल्या वसतिगृहांत आज हळू बोलणाऱ्या मुलाला नाव पाडले जाते, त्याच्या चालीची नक्कल होते, आणि शिक्षक हसून सोडून देतात. शाळा सोडण्याचे हे कारण कोणत्याही दाखल्यावर लिहिले जात नाही.

आपशिंगे (मिलिटरी) सारख्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या घरटी माणूस फौजेत जातो. २०१८ च्या निकालानंतरही लष्करात समलिंगी संबंधांना जागा नाही, असे तत्कालीन लष्करप्रमुखांनी जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले, आणि १९५० च्या सेना कायद्यातील ‘अनैसर्गिक’ व अशोभनीय वर्तनाविषयीचे कलम ४६ अजून तसेच आहे. फौजी घरातल्या मुलाला नागरिक म्हणून मिळालेले स्वातंत्र्य वर्दी चढवली की मिळत नाही. पोलीस भरतीत मात्र दार किलकिले झाले. कराडच्या एका तृतीयपंथी उमेदवाराच्या अर्जावरून प्रशासकीय न्यायाधिकरणाने २०२२ मध्ये शिपाई भरतीच्या अर्जात वेगळा पर्याय ठेवण्यास सांगितले आणि उच्च न्यायालयानेही राज्याला नियम करण्यास भाग पाडले.

स्वस्त इंटरनेट आल्यावर ग्राइंडरसारखी समलिंगी पुरुषांच्या ओळखी-भेटींची ॲप इस्लामपूर, विटा, फलटणपर्यंत पोचली. आपण एकटे नाही हे अठराव्या वर्षी कळणे, ही मागच्या पिढीला न मिळालेली गोष्ट आहे. पण त्याच ॲपवर खोटे नाव घेऊन बोलावणे, मारहाण करून फोटो काढणे आणि ‘घरी पाठवतो’ म्हणून पैसे उकळणे हे प्रकारही चालतात. ही खंडणी आहे आणि तिच्यासाठी कायद्यात शिक्षा आहे. तक्रार होत नाही, कारण ठाण्यातला हवालदार ओळखीचा निघेल ही भीती असते.

सोबत राहणारी जोडपी

सांगली, मिरज, कराड, सातारा या शहरांत काही जोडपी ‘रूम पार्टनर’ म्हणून एकत्र राहतात. घरमालक दोन पुरुषांना किंवा दोन नोकरदार बायकांना खोली देताना फारसे विचारत नाही. अडचण येते ती कागदावर. केंद्राने २०२४ मध्ये काही खुलासे केले. समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खाते उघडता येते, शिधापत्रिकेसाठी त्यांना एकाच घरातले मानावे, आणि जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावे, असे राज्यांना कळवले गेले. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात, जेथे दोन्ही जिल्ह्यांतून आणि कर्नाटकातून रुग्ण येतात, अतिदक्षता विभागाच्या दाराशी ‘पेशंटचे कोण?’ हा पहिला प्रश्न असतो. वर्षानुवर्षे सोबत राहिलेला माणूस बाहेर बसतो आणि संमतीपत्रावर सही करण्यासाठी गावाकडच्या चुलत भावाला फोन लावला जातो.