बिनपायाचा पक्षी? छे!

सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1758 ला बर्ड ऑफ पॅराडाइज या न्यू गिनीकडच्या पक्ष्याच्या एका जातीला 'अपोडा' म्हणजे बिनपायाचा असं नाव दिलं, त्यामुळे तोवर युरोपात कुणालाच खरं माहीत नव्हतं असं सर्रास सांगतात, पण तसं नाहीये. तिकडचे लोक या पक्ष्याची कातडी वाळवताना पाय कापून टाकायचे आणि युरोपात तीच पोचायची, बस्स, एवढंच. 1522 ला मॅगेलनच्या मोहिमेतलं जहाज परतलं त्यावरच्या पिगाफेटाने पाय असतात हे लिहिलेलं, आणि इटलीतल्या बोलोन्याच्या आल्ड्रोव्हांडीने, एवढा मोठा संग्राहक माणूस, पिगाफेटालाच खोटं ठरवलं! शेवटी वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसियसने 1605 मध्ये छापूनच टाकलं की पाय असतात म्हणून. म्हणजे लिनियसच्या दीडशे वर्षं आधी.