टेस्ट डोस घेतला म्हणजे निर्धास्त, हे खरे नाही

सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन या अँटिबायोटिकचे इंजेक्शन देण्यापूर्वी हाताच्या कातडीत थेंबभर औषध टोचायचे, उठलेल्या फुगवट्याभोवती बॉलपेनने गोल काढायचा आणि पंधरा-वीस मिनिटांत लाली पसरली नाही की "आता रिअ‍ॅक्शन येणार नाही" असे सांगायचे, ही पद्धत आपल्याकडे इतकी रुळली आहे की ती न करणारा डॉक्टरच निष्काळजी वाटतो. वास्तविक चाचणीत काही आढळले नाही तरी पूर्ण मात्रेनंतर तीव्र अ‍ॅलर्जी उद्भवू शकते. क्वचित त्या थेंबानेही ती उद्भवते. त्या गोलापेक्षा पूर्वेतिहास मोलाचा. पेनिसिलिन किंवा त्याच्या जवळच्या औषधाने कधी अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा श्वास कोंडला असेल, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता रुग्णाने ते सांगावे. इंजेक्शननंतर अर्धा तास तिथेच थांबावे आणि जिथे अ‍ॅड्रिनॅलिन हाताशी नाही तिथे हे इंजेक्शन घेऊच नये, कारण अशा अ‍ॅलर्जीत मांडीच्या स्नायूत देण्याचे पहिले औषध अ‍ॅड्रिनॅलिनच आहे. नवजात बाळांचा धोका निराळा असून तो कोणत्याही टेस्ट डोसमध्ये दिसत नाही: शिरेतून कॅल्शियम चालू असताना सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन दिल्याने फुप्फुसांत व मूत्रपिंडांत कण साचून मृत्यू ओढवल्याच्या नोंदी आहेत.