हरणाऱ्या संघाला न सोडणारे

नोव्हेंबर १९८१. शिकागोला लागून असलेल्या इव्हान्स्टनमध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा फुटबॉल संघ मिशिगन स्टेटकडून ६१-१४ असा हरला. हा त्यांचा सलग २९वा पराभव. अमेरिकेतल्या आघाडीच्या कॉलेज संघांमधला सलग पराभवांचा विक्रम त्या दिवशी त्यांच्या नावावर लागला. सामना संपताच विद्यार्थी मैदानात घुसले, गोलपोस्ट उपटले आणि ‘सगळ्यात वाईट आम्हीच!’ अशा घोषणा देऊ लागले. ही मालिका पुढे ३४ पराभवांपर्यंत गेली. सप्टेंबर १९८२ मध्ये नॉर्दर्न इलिनॉयला ३१-६ असं हरवल्यावर गोलपोस्ट पुन्हा उपटले गेले आणि पोरांनी ते मिशिगन सरोवरात नेऊन टाकले.

हा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा अमेरिकन फुटबॉल. विद्यापीठांचे सामने शरद ऋतूत, बहुतेक शनिवारी होतात. हंगामात सामने असतात जेमतेम डझनभर, त्यामुळे एकेक पराभव आठवडाभर पुरतो. तरीही पुढच्या शनिवारी तीच माणसं त्याच रंगाचे कपडे घालून हजर असतात. असं का होतं, याचा शोध मानसशास्त्रज्ञ जवळजवळ पन्नास वर्षं घेत आहेत, आणि त्यातले काही महत्त्वाचे प्रयोग कॉलेज फुटबॉलवरच झालेले आहेत.

सुरुवात झाली ती उलट्या बाजूने. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७३च्या हंगामात सात विद्यापीठांत एक साधी गोष्ट मोजली: सोमवारी मानसशास्त्राच्या वर्गात किती विद्यार्थी आपल्या विद्यापीठाचं नाव किंवा चिन्ह असलेले कपडे घालून येतात? शनिवारी संघ जिंकलेला असेल तर असे कपडे जास्त दिसत. पुढे त्यांनी विद्यार्थ्यांना फोन करून आधी एक छोटी चाचणी घेतली आणि सामन्याविषयी विचारलं. विजयाबद्दल बोलताना ‘आपण जिंकलो’ असं जास्त वेळा ऐकू आलं, पराभवाबद्दल बोलताना ‘ते हरले’. ज्यांना ‘तुमची चाचणी वाईट गेली’ असं सांगितलं होतं, त्यांच्यात हा फरक सर्वांत ठळक होता. स्वतःची किंमत कमी झाल्यासारखी वाटली की माणूस दुसऱ्याच्या यशाला जाऊन चिकटतो. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास आजही पाठ्यपुस्तकांत आहे. पुढे १९८६ मध्ये सी. आर. स्नायडर यांच्या गटाने याची दुसरी बाजू दाखवली: अपयशी गटापासून लोक स्वतःला तोडून घेतात.

मग इव्हान्स्टनची ती पोरं कोण होती?

याचं उत्तर डॅनियल वॉन आणि नायला ब्रॅन्सकोम्ब यांच्या १९९०च्या अभ्यासात सापडतं. संघ हा ज्यांच्या ‘मी कोण’ या जाणिवेचाच भाग झालेला असतो, ते विजयाच्या वेळी जास्त जवळ येतात, पण पराभवानंतर लांब जात नाहीत. त्यांना ते जमतच नाही, कारण संघापासून तुटणं म्हणजे स्वतःच्याच एका तुकड्यापासून तुटणं. याची किंमतही ते मोजतात. एडवर्ड हर्ट आणि सहकाऱ्यांनी इंडियाना विद्यापीठात बास्केटबॉलच्या चाहत्यांना सामना दाखवला आणि नंतर विचारलं की अमुक कामं तुम्हाला कितपत जमतील? अक्षरं जुळवून शब्द लावण्यासारखी ती कामं होती, सामन्याशी काही संबंध नसलेली. संघ हरला असेल तर निष्ठावंतांचा स्वतःवरचा विश्वासही खाली येई. पराभव दुसऱ्याचा, पण खचलेपण खरं. ‘नुसता खेळ तर आहे’ असं म्हणून अशा माणसाला झटकून टाकणं मला म्हणूनच अन्यायाचं वाटतं.

इतकं सोसून मिळतं काय? सर्वांत पटणारं उत्तर सोबत सोसण्यात आहे. ब्रॉक बास्टियन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात अनोळखी लोकांचे छोटे गट केले. काहींना बर्फाच्या पाण्यात हात घालायला लावले, एका प्रयोगात चक्क तिखट मिरची खायला दिली. एकत्र वेदना सोसलेल्या गटांत नंतरच्या खेळात परस्परसहकार्य जास्त दिसलं. मार्था न्यूसन, मायकेल बुरमेस्टर आणि हार्वी व्हाइटहाउस यांनी हेच इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये तपासलं (तो आपल्या ओळखीचा फुटबॉल). दहा वर्षांत सर्वांत यशस्वी आणि सर्वांत अपयशी ठरलेल्या क्लबांचे चाहते त्यांनी ताडून पाहिले. एकमेकांशी घट्ट बांधलेले निघाले ते अपयशी क्लबांचे.

इथे एक सावधगिरी हवी. हरणाऱ्या क्लबाचे हौशी चाहते आधीच गळून गेलेले असतात, म्हणून मागे उरलेले मुळातच कट्टर असणार. पराभवाने त्यांना बांधलं की फक्त चाळणी लावली, हे अशा पाहणीतून पूर्ण वेगळं काढता येत नाही. बर्फाच्या पाण्याचा प्रयोग म्हणूनच मोलाचा आहे: तिथे कोण कुठल्या गटात जाणार, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं होतं.

मेंदूही इथे हातभार लावत असावा. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की डोपामीन हे रसायन सोडणाऱ्या मेंदूतल्या पेशी बक्षिसावर नव्हे, तर अपेक्षेपेक्षा जास्त मिळालेल्या बक्षिसावर सर्वाधिक पेटतात. पूर्ण अपेक्षित बक्षिसावर त्या फारशा हलत नाहीत. दर शनिवारी जिंकणाऱ्या संघाचा आणखी एक विजय आणि ३४ पराभवांनंतरचा पहिला विजय, हे हिशेब वेगळे लागणारच. चाहत्यांच्या मेंदूत तंतोतंत हेच घडतं असं मात्र त्या प्रयोगांवरून म्हणता येणार नाही.

टेक्सासमधल्या प्रेअरी व्ह्यू ए अँड एम या कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक विद्यापीठाने तर १९८९ ते १९९८ या काळात सलग ८० सामने गमावले. तिथे मध्यंतरात ‘मार्चिंग स्टॉर्म’ हे विद्यापीठाचं बँडपथक मैदानात उतरे आणि पुष्कळ लोक त्याच्यासाठीच येत. माजी विद्यार्थी भेटत, खाणं-पिणं होई, वाद्यं वाजत. गुणफलक हा त्या शनिवारचा एक भाग होता, सगळा शनिवार नव्हे.

वॉन यांनी पुढे अनेक वर्षं हेच धरून काम केलं. जवळच्या संघाशी नातं असलेल्यांना एकटेपणा कमी जाणवतो, असं त्यांच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं, आणि संघ जिंकतो की हरतो याने त्यात विशेष फरक पडला नाही. दूरच्या, टीव्हीवर पाहायच्या संघाच्या बाबतीत मात्र हा संबंध तसा आढळला नाही. पुण्या-नागपुराहून अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलामुलींना पहिल्या थंडीत एकटेपणा खायला उठतो. त्यांच्या विद्यापीठाचा संघ यंदा सपाटून मार खात असला, तरी शनिवारी स्टेडियमवर जाण्याचं हे पुरेसं कारण आहे: शेजारच्या बाकावर बसलेला माणूस सोमवारी वर्गातही भेटतो.